सातपुते किती पिढ्या टिकतील?

लालबागला मामेभावाच्या मुलीचं बारसं होतं. घुगऱ्यांची वाटी हातात देता देता मामी म्हणाली, "सगळं छान झालं रे, पण सातपुते नाव आता बुडालं." मामाला एकच मुलगा, आणि त्याला दोन्ही मुलीच. आडनावात सात पूत आणि घरात एकही नाही, यावर चाळीतल्या मंडळींनी यथेच्छ हळहळून घेतलं. मी मात्र आतून खूश होतो, कारण नाव कसं बुडतं याचं गणित हा माझा जुना लाडका विषय.

आधी अर्थाचं बघू. सात पूत म्हणून सातपुते, हे सरळ दिसतं. नवपुते, दशपुत्रे ही भावंडं पाहिली की पटतंही. पण नुसत्या आवाजावर विसंबू नये. सातपुडा पुतांचा नाही, सात पुड्यांचा, म्हणजे घड्यांचा. उलट बिहारकडची सतपुतिया तोरी खरोखरच लेकुरवाळी, घोसाने लागणारी. चिटणीस, पारसनीस यांच्यासारख्या नावांमागे दफ्तरातलं पद असतं. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा. तिथे निदान धागा हाती लागतो. बाकी 'तुमच्या आडनावाचा तेजस्वी इतिहास' छापाचे व्हॉट्सॲप निरोप वाचले, तर महाराष्ट्रात नुसते सेनापतीच राहत होते आणि भाकरी कोणीच थापत नव्हतं असं वाटेल. शिवाय आडनाव एक म्हणजे रक्त एक, असंही नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, तसंच आडनावही. म्हणून लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी ब्रिटिश पुरुषांमध्ये दोन्ही ताडून पाहिली. ॲटनबरोसारख्या विरळ आडनावांच्या पुरुषांत वाय गुणसूत्रं बरीच जुळली. स्मिथ मंडळींत मात्र असा मेळ दिसला नाही, कारण स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव होते.

आता गणित. १८७३ साली फ्रान्सिस गॉल्टनने 'एज्युकेशनल टाइम्स'मध्ये एक कोडं घातलं. नामांकित घराण्यांची आडनावं भराभर नाहीशी होत होती, आणि बुद्धी वाढली की संतती घटते, असं लोक म्हणत. गॉल्टनने विचारलं, हे नुसत्या योगायोगाने होऊ शकतं का? उत्तर दिलं हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने, आणि पुढच्याच वर्षी दोघांचा लेख निघाला. (आनुवंशिकतेवर आयुष्य घालवलेला गॉल्टन स्वतः निपुत्रिक होता.)

समजा, प्रत्येक सातपुत्याला दोनच मुलं, आणि मुलगा की मुलगी हे नाण्याच्या छाप्या-काट्यावर. आडनाव पुढे नेणार फक्त मुलगे. म्हणजे सरासरी एका पुरुषामागे एक पुरुष. वाटतं की हिशेब बरोबरीत सुटला, नाव कायमचं टिकणार.

नाही टिकत! नाव बुडण्याची शक्यता 'न' म्हणू. एका अपत्याच्या बाजूने नाव दोन प्रकारे बुडतं. एक तर मुलगी झाली, शक्यता निम्मी. नाहीतर मुलगा झाला, पण पुढे त्याची शाखा खुंटली, शक्यता 'न'च्या निम्मी. दोन्ही मिळून (१ + न)/२. आणि नाव पुरतं बुडायला दोन्ही अपत्यांच्या बाजूने बुडायला हवं, म्हणून या संख्येचा वर्ग. सुरुवातीला न शून्य धरा आणि येणारं उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घाला. पहिल्या पिढीत २५ टक्के, दुसरीत ३९, पाचवीत ६०, दहावीत ७४. असंच चालू ठेवलं की आकडा १००कडे सरकत राहतो. कोणाचं पाप नाही, शाप नाही, कुलदैवताचा कोप नाही. नुसतं नाणं.

मूळ पुरुषाला खरोखरच सात मुलगे झाले असतील तर? दहा पिढ्यांनंतर सातही शाखा बुडालेल्या असण्याची शक्यता म्हणजे ०.७४चा सातवा घात, जेमतेम १२ टक्के. एका मुलाच्या बापाचं नाव बहुधा गेलं, सातांच्या बापाचं बहुधा राहिलं. आज दारावरच्या पाट्यांवर दिसतात ती या चाळणीतून उरलेली नावं.

घरटी तीन मुलं धरली, तर वर्गाऐवजी घन येतो: (१ + न)³ = ८न. याची एक उकल न = १ आहेच, ती नेहमीच असते. वॉटसन तिथेच फसला आणि सगळीच आडनावं बुडणार असं सांगून मोकळा झाला. पण (न − १)ने भागलं की न² + ४न − १ = ० उरतं आणि न = √५ − २, म्हणजे साधारण ०.२४. खरी उकल ही, लहान असलेली. फ्रेंच गणिती बिएनेमेने ही गोष्ट १८४५ सालीच ओळखली होती. इथे ज्यांचा हात सुटला, त्यांनी पुढे ट्रॉम्बेला भेटावं.

ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'क्रिटिकल' झाली, म्हणजे एका अणुकेंद्राच्या विखंडनातून पुढचं विखंडन घडवणारा सरासरी एकच न्यूट्रॉन निघू लागला. हे घरटी दोन मुलांचंच गणित. फरक इतकाच, की भट्टीत न्यूट्रॉन अगणित असतात, म्हणून एकेकाचा वंश खुंटला तरी एकूण संख्या ढळत नाही. मामाच्या घरात मात्र न्यूट्रॉन एकच होता.

मामेबहीण म्हणाली, मग मुलींनीही नाव पुढे न्यावं. जरूर न्यावं. पण जोडप्याला दोन मुलं आणि प्रत्येक मुलाला आई किंवा बापापैकी एकाचं आडनाव, तेही नाणं उडवून, असं केलं तरी सरासरी पुन्हा एकच येते. तेच सूत्र, तेच ७४ टक्के. दोन्ही आडनावं लावली, तर नातवंडांच्या वाट्याला चार येतात आणि पणतवंडांच्या वाट्याला आठ. हे मी वाटीतल्या घुगऱ्या मांडून दाखवत होतो, तेवढ्यात मामीने वाटी उचलून नेली.