बोराने पाचही टीम बाद फेरीत नेल्या? नाही, चार

आपल्या नाशकात गोल्फ क्लब ग्राउंडवर फुटबॉलचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, बोरा मिलुटिनोविचने पाच देशांना वर्ल्डकपच्या बाद फेरीत नेलं. वर्ल्डकपमध्ये पाच देशांचा कोच होता हे खरंय, पण बाद फेरी चारदाच. १९८६ ला मेक्सिको, क्वार्टर फायनलला वेस्ट जर्मनीकडून पेनल्टीवर गेले, मग १९९० ला कोस्टा रिका, त्यांचा पहिलाच वर्ल्डकप आणि टीम हातात येऊन जेमतेम काही महिने झालेले, तरी स्कॉटलंड नि स्वीडन दोघांना हरवलं, माझ्या मते हेच त्याचं सगळ्यात भारी काम. नंतर १९९४ ला अमेरिका, १९९८ ला नायजेरिया. २००२ ला चीन मात्र तिन्ही मॅच हरला, एक गोलही नाही. पण पुरुषांच्या वर्ल्डकपमध्ये चीन तेवढा एकदाच खेळलाय, ते पण विसरू नका.

आणि वर्ल्डकपला पाच देशांचा कोच फक्त तोच झाला असंही म्हणतात, तेही चूक. ब्राझीलचा कोच परेराही झालाय: कुवेत, यूएई, ब्राझील, सौदी, साउथ आफ्रिका. फरक एवढाच की परेरा प्रोफेशनल खेळलाच नाही, बोरा मात्र बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबपासून मोनॅको, नीस करत मेक्सिकोच्या पुमास क्लबपर्यंत खेळला आणि तिथेच कोच झाला.