शब्द ओठावर अडला म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे

"ओळखीचा शब्द आठवत नसेल तर समजा, स्मृतिभ्रंश सुरू झाला!" हा मेसेज आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतो. घाबरायला होतंच, पण तो खरा नाही.

जांभळी नाक्यावर भांड्यांच्या दुकानात माझंच झालं. "ते हो, खोबरं... गाळणी, नाही, चाळणी..." दुकानदाराने किसणी पुढे केली. आता बघा, वस्तू डोळ्यांसमोर होती, तिचं काम माहीत होतं, शब्द 'णी'ने संपतो हेही कळत होतं. अर्थ हाताशी होता, अडला होता फक्त उच्चार. मेंदूत या दोन गोष्टी वेगवेगळ्या टप्प्यांवर जुळतात, आणि दुसरा टप्पा कधीकधी अडखळतो. 1966 सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगातही असंच दिसलं: शब्द न आठवणाऱ्यांना त्याचं पहिलं अक्षर बरेचदा बरोबर सांगता आलं.

हे विशीतही होतं, वयानुसार वाढतं. विशेषनामं सगळ्यात जास्त छळतात. झोप कमी झाली की आणखीच.

पडताळायचंय? अडलेल्या शब्दाबद्दल काय काय आठवतंय ते लिहा आणि दुसऱ्या कामाला लागा. शब्द बहुधा आपसूक येतो, किंवा कुणी सांगताच "हाच!" म्हणून पटतो.

किसणी हातात घेऊनही तिचं काय करायचं ते कळेना, रोजचा घरचा रस्ता चुकू लागला, तर मात्र डॉक्टरांकडे जा. बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर थांबूच नका, थेट हॉस्पिटल गाठा.