ध्रुवीय पृष्ठफळ

औषधाच्या रेणूतील ऑक्सिजन व नायट्रोजन अणू आणि त्यांना जोडलेले हायड्रोजन अणू मिळून रेणूच्या पृष्ठभागाचा जेवढा हिस्सा व्यापतात, त्याला ध्रुवीय पृष्ठफळ म्हणतात. ते चौरस अँगस्ट्रॉममध्ये सांगतात (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). गिळलेले औषध आतड्याच्या पेशींतून रक्तात उतरेल का, याचा अंदाज रेणू तयार करण्याआधीच या आकड्यावरून बांधता येतो.

ध्रुवीय अणूंना पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पेशीपटलाचा गाभा तेलकट. त्यात शिरायचे तर हे पाणी बाहेरच सोडावे लागते, आणि त्यासाठी ऊर्जा लागते. १९९७ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २० औषधे तपासली, तेव्हा साधारण ६० पर्यंत पृष्ठफळ असलेली औषधे जवळजवळ पूर्ण शोषली जात होती, तर १४० च्या पुढची अगदी थोडी.

त्या वेळी रेणूचा त्रिमितीय आकार काढावा लागे. २००० मध्ये नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या पीटर एर्टल व सहकाऱ्यांनी प्रत्येक ध्रुवीय गटाला ठरावीक आकडा देऊन ते काम साध्या बेरजेवर आणले. पॅरासिटामॉलचेच पाहा: हायड्रॉक्सिल गटाचे २०.२३, कार्बोनिल ऑक्सिजनचे १७.०७, नायट्रोजन-हायड्रोजन जोडीचे १२.०३, एकूण ४९.३३. लाखो रेणू चाळायला ही रीत फार उपयोगी ठरली.

पण ती कागदावरच्या रचनेपुरती आहे. रेणू कसा दुमडतो, हे तिला दिसत नाही. अवयवरोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिन घ्या. रेणुभार सुमारे १२०२, बेरजेने येणारे पृष्ठफळ २७० च्याही वर, तरीही ते तोंडावाटे देता येते. तेलकट परिसरात हा वलयाकार रेणू आपल्याच गटांमध्ये चार हायड्रोजन बंध जुळवतो आणि ध्रुवीय भाग आत दडवतो.

अशा रेणूंची ध्रुवीयता प्रत्यक्ष मोजलेलीच बरी. फायझरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या ‘ईपीएसए’ पद्धतीत रेणू वर्णलेखनाच्या (क्रोमॅटोग्राफीच्या) स्तंभातून, म्हणजे रेणूंना कमीअधिक धरून ठेवणाऱ्या पदार्थाने भरलेल्या नळीतून जातो. वाहक म्हणून मुख्यतः दाबाखालचा कार्बन डाय-ऑक्साइड असतो. तो अध्रुवीय असल्याने काही अंशी पेशीपटलाच्या गाभ्यासारखे वातावरण मिळते. ध्रुवीय गट उघडे असतील तर रेणू स्तंभाला धरून राहतो, झाकलेले असतील तर लवकर बाहेर पडतो. आतल्या आत बंध न जुळवणाऱ्या, ताठ रेणूंशी तुलना करून त्या वेळेचे आकड्यात रूपांतर करतात. वलयी पेप्टाइडांवर (अमिनो आम्लांच्या वलयाकार साखळ्यांवर) काम करणाऱ्यांना याचा खरा फायदा झाला: कोणत्या नायट्रोजनवर मेथिल गट बसवल्याने रेणू मिटतो, हे ताडून पाहता येऊ लागले.

दोन्ही आकडे केवळ आपोआप होणाऱ्या झिरपण्याबद्दल बोलतात. पी-ग्लायकोप्रोटीनसारखी प्रथिने आत आलेले औषध पुन्हा बाहेर फेकतात. ते पाहायला काको-२ पेशींच्या (मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या) थरावरची चाचणी करावी लागते.