उजेड अडला कुठे? गावच्या ब्रॉडबँडमागचं भौतिकशास्त्र

जून २०२५ मध्ये उपग्रहांमार्फत इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला भारतात परवाना मिळाल्याची बातमी आली आणि तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर पडतो आहे: आता थेट आकाशातून इंटरनेट येणार, मग गावोगावी फायबरसाठी चर कशाला खणायचे? दुर्गम पाड्याला किंवा बेटाला उपग्रह मोठाच आधार आहे, यात वाद नाही. पण उपग्रहाची क्षमता त्याच्या एका झोताखाली येणाऱ्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. गर्दी वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो. फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूची, क्षमता मात्र दोन्ही टोकांची यंत्रं बदलून कित्येक पटींनी वाढवता येते, पुन्हा खणावं लागत नाही. आणि हा तंतू ग्रामपंचायतींच्या दारापर्यंत येऊनही पडलेला आहे. तो अनेकदा बंद का असतो, याचा विचार करायला हवा.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. २०१५ मध्ये त्याचं नाव भारतनेट झालं. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना किमान १०० एमबीपीएस वेगाची जोडणी द्यायची, हे उद्दिष्ट. आपल्याकडे दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावाने झालं. तालुक्याच्या ठिकाणी एक मोठं यंत्र, ग्रामपंचायत कार्यालयात भिंतीवर प्रकाशातून आलेला संदेश वाचणारी ओएनटी नावाची छोटी पेटी आणि मध्ये काच, अशी ही रचना.

या मधल्या काचेत वीज लागणारं काहीही नसतं. तालुक्याहून निघालेला एकच प्रकाशकिरण वाटेत स्प्लिटर नावाच्या काचेच्या दुभाजकातून जातो आणि अनेक गावांत वाटला जातो. दोन फाटे फुटले की प्रत्येकाला निम्मा प्रकाश, चार फुटले की पाव. मध्ये कुठेही त्याला पुन्हा जोर देणारं यंत्र नाही. जे काही पोचेल ते सुरुवातीच्या प्रकाशातूनच. म्हणून इथे प्रकाशाचा जमाखर्च फार काटेकोर ठेवावा लागतो.

हा हिशेब डेसिबलमध्ये करतात. ३ डेसिबल गेले म्हणजे प्रकाश निम्मा उरला, १० गेले म्हणजे दहावा हिस्सा, २० गेले म्हणजे शंभरावा. भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडलं होतं, की किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट होईल इतकी शुद्ध काच बनवता आली, तर काचेतून दूरसंचार शक्य आहे. त्या काळच्या काचेत ही घट हजार डेसिबलच्या घरात होती! कॉर्निंग कंपनीने १९७० मध्ये ती मर्यादा ओलांडली आणि काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला घट किलोमीटरला जेमतेम ०.२ डेसिबल आहे.

आता आपल्या गावाचा हिशेब मांडू. या पद्धतीतल्या नेहमीच्या यंत्रांना एकूण २८ डेसिबलपर्यंतची घट चालते, म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा सुमारे ६३० वा हिस्सा पोचला तरी काम भागतं. बत्तीस फाट्यांचा दुभाजक प्रत्यक्षात सुमारे १७ डेसिबल खातो. परतीचा संदेश १३१० नॅनोमीटरवर येतो, तिथे किलोमीटरला साधारण ०.३५ घट होते, म्हणजे वीस किलोमीटरला ७. झाले २४. उरले फक्त ४ डेसिबल, आणि त्यातच सगळे जोड, सगळे कनेक्टर, सगळी धूळ बसवायची. कनेक्टरच्या टोकाला बोट लागलं, केबल खिडकीच्या गजाला करकचून आवळली, की हे चार संपायला वेळ लागत नाही. तीव्र वळणावर प्रकाश गाभ्याच्या कडेवर पुरेशा तिरकस कोनात आदळत नाही, शाळेत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन तिथे फसतं आणि प्रकाश बाहेर झिरपतो. लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त झिरपतो. त्यामुळे जाणता तंत्रज्ञ दोन तरंगलांबींवर मोजमाप घेतो: १५५० वर घट जास्त आणि १३१० वर कमी दिसली तर कुठेतरी वळण आवळलंय, दोन्हीकडे सारखीच वाढली तर बहुधा जोड खराब आहे. मला स्वतःला ही युक्ती फार आवडते.

पण केबल पुरतीच तुटली तर? जमिनीखाली दीड मीटरहून खोल पुरलेल्या वीस किलोमीटर केबलमधली तुटकी जागा ओटीडीआर नावाचं यंत्र एका टोकाला बसून शोधतं. आकाश निळं दिसतं ते रॅले विकिरणामुळे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांवर आदळून प्रकाश विखुरल्यामुळे. तेच विकिरण काचेतही होत असतं. तंतूतून जाणाऱ्या प्रकाशाचा अगदी क्षीण अंश प्रत्येक बिंदूपासून मागे वळतो. (हे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणूनच केबलमध्ये डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतात. १४९० नॅनोमीटरला विकिरण निळ्या प्रकाशाच्या तुलनेत शंभर पटींहून कमी.) दरीत हाळी द्यावी आणि प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून पलीकडचा कडा किती लांब ते ओळखावं, तसं हे यंत्र एक सूक्ष्म झोत सोडून परतणाऱ्या उजेडाची वेळ मोजतं. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख ४ हजार किलोमीटर. ८० मायक्रोसेकंदांनंतर परतीचा उजेड अचानक थांबला, तर जाऊन-येऊन अंतर १६.३ किलोमीटर, म्हणजे तंतू ८.१६ किलोमीटरवर तुटलाय.

हे अंतर तंतूचं आहे, रस्त्याचं नाही. केबलच्या आत तंतू किंचित पिळाने बसवलेले असतात, जोडाच्या खड्ड्यात जादा केबलची वेटोळी ठेवलेली असतात, ओढ्यापाशी केबल वळसा घालते. त्यामुळे यंत्रावर ८.१६ दिसले तरी कुदळ मारायची कुठे, हे तो मार्ग ठाऊक असलेल्या माणसालाच सांगता येतं. तो माणूस तालुक्याच्या कचेरीत क्वचितच असतो.

दुसरी शक्यता अशी, की केबल शाबूत आहे पण गावात वीजच नाही. ओएनटीची वीज जाते तेव्हा आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिलिसेकंदांपुरती ऊर्जा उरलेली असते. तेवढ्यात ती पेटी तालुक्याला शेवटचा एक निरोप धाडते: वीज गेली. हा निरोप आला तर बिघाड विजेचा. निरोपाशिवायच पेटी गप्प झाली तर केबलवर संशय घ्यायचा. गावात उभं राहूनही फरक कळतो. पेटीवरचे सगळेच दिवे विझले असतील तर वीज तपासा. पॉवरचा दिवा हिरवा आणि 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल, तर पेटीपर्यंत प्रकाशच पोचत नाही.

या लाल दिव्याला घाबरणारीही माणसं आहेत, म्हणून एक गोष्ट सांगतो. फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे कोरोना पसरतो, ही अफवा मे २०२१ मध्ये इतकी फोफावली की दूरसंचार विभागाला खुलासा करावा लागला. तेव्हा देशात त्या चाचण्या सुरूही झाल्या नव्हत्या. फायबरमधून तर कसल्याच रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत. ना चिमण्यांना धोका, ना पिकांना. कापू नये इतकंच, आणि त्यात तांबं नसतं हे चोरांनाही कळायला हवं.

ग्रामपंचायतीचा संबंध इथे येतो. दूरसंचार हा राज्यघटनेनुसार केंद्राचा विषय. पण पंचायतींकडे सोपवता येणाऱ्या २९ विषयांच्या अकराव्या अनुसूचीत रस्ते, पूल, दळणवळणाची साधनं आणि ग्रामीण विद्युतीकरण आहे. केबल तुटते ती नळपाणी योजनेचा चर खणताना, साइडपट्टी उकरताना, जेसीबीच्या एका फटक्यात. त्या कामाचा ठराव बहुतेक वेळा याच ग्रामपंचायतीत झालेला असतो. खणण्याआधी सूचना देण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ पासून आहे. ठेकेदाराच्या कार्यादेशातच त्याची अट घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये, १,३९,५७९ कोटींच्या योजनेत, गावं वर्तुळाकार जोडणीत घ्यायची आहेत. एका ओळीत जोडलेल्या गावांत मध्ये तुटलं की पुढची सगळी गावं बंद पडतात. वर्तुळात दुसऱ्या बाजूने वाट मिळते. विजेची पर्यायी सोय आणि केबलवर दुरून लक्ष ठेवणारी यंत्रणाही त्यात आहे. तरीही तंतू जोडायला माणूस जागेवर लागतोच, आणि एक तुटलेलं दुरुस्त होण्याआधी दुसरीकडे तुटलं तर वर्तुळाचा उपयोग संपतो.

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोन नोंदी आजच करून ठेवाव्यात. गावच्या नकाशावर केबलचा मार्ग, जोडाचे खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यातल्या वेटोळ्याची लांबी. आणि पेटी बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडून पोचलेल्या प्रकाशाचा डीबीएममधला (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेला) आकडा, तारखेसह. उणे २७ च्या खाली यंत्राला संदेश वाचता येत नाही. बसवताना उणे १९ असलेला आकडा वर्षभराने उणे २५ झाला, तर इंटरनेट अजून चालू असेल, पण पोचणारा प्रकाश पावपट राहिलेला आहे. तक्रार तेव्हाच लेखी करा, दिवा लाल होण्याची वाट पाहू नका.