बंदुकीचा परवाना आहे. केस झालीच तर वकील कुठून आणायचा?

मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून हल्ली बरेच जण विचारतात, "भाऊ, तो बंदुकीचा विमा आपल्याकडं कुठं काढायचा?" तिकडं वर्गणी भरली की स्वसंरक्षणात गोळी झाडल्यावर होणाऱ्या खटल्याचा वकील-खर्च कंपनी उचलते. तिथंही तो सगळीकडं चालला नाही. न्यूयॉर्कच्या विमा नियामकांनी २०१८ मध्ये 'कॅरी गार्ड' नावाची असली पॉलिसी बेकायदा ठरवून ती विकणाऱ्यांना दंड ठोठावला.

आपल्याकडं विम्याच्या मागं न लागता मोफत वकिलासाठी अर्ज करायचा, तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं. ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. हप्ता नाही, फी नाही.

कुणाला मिळतो हा वकील? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेला माणूस, अशा काही जणांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांचं वार्षिक उत्पन्न महाराष्ट्रात ३ लाखांच्या आत हवं. म्हणजे पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक घेतलेला कोरडवाहू शेतकरी यात बसतो. बागायतदार किंवा गुत्तेदार बहुतेक बसत नाही, त्यानं खिशातूनच वकील लावावा.

कागदपत्रं फार नाहीत. अर्ज, आधार कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला किंवा उत्पन्नाचं शपथपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि केसचे कागद: एफआयआर, नोटीस किंवा दोषारोपपत्र. सोबत परवान्याची झेरॉक्स. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले लोक अर्ज लिहून घेतात. निर्णय ७ दिवसांत द्यायचा असतो. मिळालेल्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. "थोडं चहापाण्याचं बघा" म्हणाला तर सरळ प्राधिकरणाच्या सचिवांकडं तक्रार करा. माहितीसाठी हेल्पलाइन १५१००.

अटकच झाली असेल तर अर्जाची वाट बघत बसू नका. पहिल्या रिमांडलाच न्यायाधीशांना सांगा, "साहेब, मला वकील नाही." पोलिस ठाण्यात घाईनं कशावरही सही करू नका. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे खरा, पण तो लागू होता हे दाखवायचं ओझं आरोपीवर येतं. वरातीत हवेत बार काढणाऱ्यानं तर स्वसंरक्षणाचं नावही काढू नये. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

परवाना रद्द झाला तरी हीच वाट. २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात फेरतपासणी होऊन बरेच परवाने रद्द झाले, तेव्हा अपील हा शब्द पहिल्यांदाच ऐकलेले लोक भेटले. अपिलाची मुदत ३० दिवस धरून चाला आणि आदेश हातात पडला त्या दिवसाची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.

आणि निवडणुकीत ठाण्यात बंदूक जमा केल्याची पावती फेकू नका. "त्या दिवशी हत्यार माझ्याकडं नव्हतंच" हे सांगायची वेळ आली, तर वकील पहिल्यांदा तीच मागेल.