शिडी चावते तेव्हा

"काका, ती शिडी चावते."

सात वर्षांचा पुतण्या हे सांगत आला तेव्हा मे महिन्याची भर दुपार होती. नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढे आतेभावाचं शेतघर आहे. द्राक्षांची खरड छाटणी उरकली होती आणि गेल्याच वर्षी बांधलेल्या छोट्या तलावात सगळी पोरं डुंबत होती. "उन्हाने तापली असेल," कुणीतरी म्हणालं. माझा पेशा वायरिंगचा. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, मग पोरांना बाहेर काढलं. सगळे लांब बसल्यावर लाइट पुन्हा चालू केली आणि मल्टिमीटरची एक तार पाण्यात सोडली, दुसरी शिडीला लावली. आकडा आला 38 व्होल्ट.

कोरड्या हाताला 38 व्होल्ट बहुधा जाणवणारही नाहीत, कारण कोरडी कातडी करंटला चांगलीच अडवते. पण भिजलेल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. मग हिशेब सोपा आहे: 38 व्होल्ट भागिले हजार, म्हणजे 38 मिलिअँपिअर. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी स्वयंसेवकांवर मोजून पाहिलं होतं. हातातली तार सोडणं पुरुषांना सरासरी 16 मिलिअँपिअरला अशक्य होतं, बायकांना साडेदहाला. पाण्यात असं झालं तर हातपाय ऐकेनासे होतात आणि पोहता येणारा माणूसही आवाज न करता बुडतो. करंट 30 च्या वर गेला आणि टिकला, तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. आमच्या पोराने बोट लावून लगेच काढलं, मधल्या पाण्यानेही थोडं अडवलं असणार. म्हणून मुंग्यांवर निभावलं.

"पण एमसीबी बसवलाय की!" आतेभाऊ म्हणाला. हे मी नाशकात घरोघरी ऐकतो. एमसीबी म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा खटका. तो वायर जळण्यापासून वाचवतो, माणूस वाचवणं हे त्याचं काम नाही. 16 अँपिअरचा एमसीबी म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. माणूस जाईल एवढा करंट त्याच्या खिजगणतीतही नाही.

मग अर्थिंग? तलावाच्या पंपाच्या मोटरला ते जोडलेलंच नव्हतं. पण जोडलेलं असतं तरी पुरलं नसतं. आपल्याकडे वरच्या मातीखाली, मुरमाखाली काळा बेसाल्ट. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. तिथे रोध 20 ओहम भरला, तर फेज थेट मोटरच्या बॉडीला लागूनही करंट वाहणार 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. 16 चा एमसीबी त्याला पडत नाही, आणि मोटरची बॉडी तशीच जिवंत राहते.

इथे लागतो आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा खटका. आत लोखंडी कडं असतं आणि फेज, न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परतला की जमाखर्च जुळला. थोडा करंट पाण्यातून किंवा माणसातून जमिनीत गेला की हिशेब चुकतो, कड्यावरच्या बारीक गुंडाळीत वीज निर्माण होते आणि खटका पडतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी मोठ्या गळतीला 40 मिलिसेकंदांच्या आत तोडतो. डालझील यांनी 1961 मध्ये याच कामाचं उपकरण बनवलं होतं.

शेतघरात आरसीसीबी होता, पण "सारखा पडतो" म्हणून वायरमनने तो काढून टाकला होता. याचा मला मनापासून राग येतो. तो पडत होता कारण गळती होती. कधी कधी इन्व्हर्टरचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळल्यानेही पडतो, पण तेव्हाही दुरुस्त करायचं ते वायरिंग.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते, ती म्हणजे बाँडिंग. गोदावरीला पूर आला की आपण विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? व्होल्टचंही तसंच, तो नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. शॉक बसतो तो पाणी एका पातळीवर आणि शिडी दुसऱ्या पातळीवर असल्याने. म्हणून शिडी, कठडा, मोटरची बॉडी, लोखंडी पाइप, स्लॅबमधल्या सळ्या हे सगळं तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडतात. मग पातळी चढली तरी सगळ्यांची एकदम चढते, हात आणि पाय यांच्यात फरक उरत नाही. हे काम काँक्रीट ओतण्याआधी पाच मिनिटांचं, टाइल्स बसल्यावर फोडाफोडीचं.

पाण्यातले दिवे 12 व्होल्टचेच हवेत, तेही दोन गुंडाळ्या पूर्ण वेगळ्या असलेल्या ट्रान्सफॉर्मरवर. तो ट्रान्सफॉर्मर काठापासून साडेतीन मीटरच्या पलीकडे ठेवावा. हॉट टबमध्ये काळजी हीटरची. बोअरचं पाणी जड असेल तर कॉइलवर क्षार चढतात, नळी चिरते आणि फेज थेट पाण्यात येते. आरसीसीबीवरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर तो बदला. आणि पाण्यात कुणाला करंट लागला तर उडी मारू नका. आधी मेन बंद, मग कोरड्या बांबूने ओढा, 108 ला फोन करा.

आमच्या मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला तर केबलच्या भोकाला ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारं बूच, नव्हता. आत पाणी साचलेलं, तांब्याला हिरवी बुरशी धरल्यासारखी. अर्थिंगची हिरवी तार कापून टेप लावलेली. केबल बदलली, आरसीसीबी बसवला, एका कोपऱ्यात काँक्रीट फोडून सळीला तांब्याची तार जोडली आणि ती शिडीपर्यंत नेली. पुन्हा मीटर लावला, काटा हललाच नाही.

पुतण्या अजून त्या शिडीने चढत नाही. काठावर दोन्ही हात टेकवून वर येतो.