सार्वजनिक न्यास सिद्धांत

नदी, सरोवर, समुद्रकिनारा यांसारखी निसर्गसंपत्ती शासनाच्या मालकीची नसून शासन जनतेच्या वतीने तिचे केवळ विश्वस्त असते, असे मानणारे कायद्यातील तत्त्व. देवस्थानची जमीन विश्वस्तांना स्वतःची म्हणून फुंकून टाकता येत नाही, तशीच ही बंधने. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा सर्वांचा सामायिक, असे सम्राट जस्टिनियनच्या काळातील (इ. स. 533) रोमन कायद्यात नमूद आहे. इंग्लंडमार्गे हा विचार अमेरिकेत गेला. इलिनॉय विधिमंडळाने 1869 मध्ये शिकागोलगतचा मिशिगन सरोवराचा हजारावर एकर तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला आणि चार वर्षांनी तो निर्णय फिरवला. हे फिरवणे 1892 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवले. 1970 साली जोसेफ सॅक्स या कायद्याच्या प्राध्यापकाने एका दीर्घ लेखातून या जुन्या तत्त्वाला पर्यावरणाच्या लढ्यात आणले.

पाणीहक्काच्या संदर्भात मात्र खरी कसोटी लागली ती कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरावर. सरोवर खारे, त्यात मासे नाहीत, पण खाऱ्या पाण्यातील बारीक कोळंबी आणि माश्या अमाप, आणि त्यांवर जगणारे पक्षी. सरोवराला मिळणाऱ्या पाच ओढ्यांपैकी चारांचे पाणी उचलण्याचा परवाना लॉस एंजेलिस शहराला 1940 मध्ये मिळाला. खोऱ्याचे सौंदर्य उणावेल हे परवाना देणाऱ्या खात्याने तेव्हाच मान्य केले होते. पण घरगुती वापर सर्वांत श्रेष्ठ, तेव्हा आपल्या हाती काही नाही, असेही नोंदवून ठेवले होते. पुढच्या चाळीस वर्षांत पातळी सुमारे 45 फूट खाली गेली आणि खारटपणा दुपटीच्या घरात पोहोचला. नेगिट बेट जमिनीला जोडले गेले, कायोटी (एक प्रकारचे कोल्हे) चालत बेटावर पोहोचले आणि कुरव पक्ष्यांची वीण उधळली.

जो आधी उचलेल त्याचा हक्क आधी, हा पश्चिम अमेरिकेतील पाण्याचा रूढ कायदा. त्याच्या बळावर शहर निश्चिंत होते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये सांगितले की असा हक्क कायमचा पक्का होत नाही. दिलेल्या परवान्याचा फेरविचार करण्याचा अधिकार राज्याकडे राहतो, आणि तो वापरणे हे कर्तव्यही आहे. न्यासाचे तत्त्व परंपरेने नौकानयनाजोग्या पाण्यालाच लागू होई; इथे ओढे तसे नव्हते, सरोवर होते. ओढ्यांचे पाणी उचलून सरोवराची हानी होत असेल तर तेही न्यासाच्या कक्षेत येते, असेही ठरले. न्यायालयाने पाणी उचलणे बंद केले नाही, हे अनेकदा विसरले जाते. शहराची गरज आणि सरोवर दोन्ही तोलून पाहा, एवढाच आदेश होता. ते तोलून 1994 मध्ये राज्याच्या जलमंडळाने समुद्रसपाटीपासून 6,392 फुटांचे लक्ष्य ठरवले. तीन दशकांनंतरही सरोवर तिथवर चढलेले नाही.

भारतात हे तत्त्व डिसेंबर 1996 मध्ये ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ खटल्यात आले. कुलू-मनाली खोऱ्यात बियासच्या काठी एका मोटेलला 27 बिघे 12 बिस्वे वनजमीन भाडेपट्ट्याने मिळाली होती. पूर मोटेलवर येऊ नये म्हणून कंपनीने बुलडोझर लावून नदीचा प्रवाहच वळवला. न्या. कुलदीप सिंग यांनी सॅक्सचा लेख आणि मोनो सरोवराचा निकाल यांचा आधार घेत भाडेपट्टा रद्द केला व नुकसान भरून देण्यास सांगितले. भूजलाचा प्रश्न अवघड. जमीन ज्याची, खालचे पाणी त्याचे, ही 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत. केरळमधील प्लाचिमडा येथील शीतपेय कारखान्याबाबत उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने 2003 मध्ये भूजल न्यासाचे ठरवले. 2005 मध्ये खंडपीठाने तो निकाल फिरवला.

गोव्यातील प्रकरण सिद्धांताची मर्यादा अधिक स्पष्ट करते. दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वहिवाट एका हॉटेलच्या बांधकामाने अडली होती. जानेवारी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यापर्यंतचा लोकांचा मार्ग न्यासाचा भाग मानून हॉटेलविरुद्धचा उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. त्याच वर्षी गोवा विधानसभेने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून हॉटेलचे बांधकाम वाचवले, आणि ही दुरुस्ती 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच वैध ठरवली.